एक बॉयलर, तीन इंजिनं

१९ जानेवारी १९७६, सोमवार

डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, बाई, रोज लिहून ठेवा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी थेंब टाकले की नाही. मी म्हटलं, मी चौथीपर्यंतच शिकलेय. ते म्हणाले, चौथी लई झाली. म्हणून ही वही. थेंबाच्या तीन फुल्या मारायला एक अख्खं पान कशाला पाहिजे, म्हणून उरलेल्या जागेत बाकीचं लिहितेय. कोण वाचणार आहे.

यांना काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. हे तेव्हा कॅलेंडरकडं बघत होते.

आमचे हे म्हणजे ईरप्पा, रेल्वेत ड्रायव्हर होते. दीड वर्षापूर्वी आपल्या पायानं फोरमनकडं गेले आणि सांगून आले की मला गाडीवरनं उतरवा. कुणी काढलं नव्हतं. मग स्टोअरात बसायचं काम दिलं, तेही चार महिन्यांत सोडलं. का सोडलं ते सांगत नाहीत. विचारलं की उठून बाहेर जातात.

तेव्हापासून पुढच्या खोलीत दोन ट्रंका, त्यावर जुनं दार आडवं, आणि दारावर रेल्वे. तिला खेळणं म्हटलेलं चालत नाही, मॉडेल म्हणायचं. माझी विकायची कडक भाकरी पूर्वी याच खोलीत सुकायची. आता मी न्हाणीच्या दारात भाकऱ्या उभ्या करते आणि कोण पाय धुवायला आलं की ओरडते.

तीन फुल्या.

२३ जानेवारी

तीन फुल्या. थेंब हे स्वतःच टाकतात. मी तव्यावरनं ओरडते, "टाकले का?" पुढच्या खोलीतनं येतं, "टाकले." मी फुली मारते. हात पिठाचे असतात म्हणून वही अशी झालीय.

आज त्या इंजिनांचं लिहिते, कारण माझं डोकं उठलंय. इंजिनं तीन आहेत. डब्याच्या पत्र्याची, चाकं लेथवर कातून आणलेली. एक ब्रॉडगेजचं, जे हे शेवटी चालवायचे, मेल गाडीचं. नाक पुढं काढलेलं आणि नाकावर चांदणी. दुसरं मीटरगेजचं, गदगकडं जातं तसलं. त्यावर हे फायरमन होते. तिसरं कुर्डुवाडीचं, बार्शी लाईनचं, बुटकं. त्यावर लग्नाआधी क्लीनर होते, म्हणजे इंजिन पुसायचं काम.

पण बॉयलर एकच आहे. पितळेची नळी, दोन्ही टोकं तांबटाकडनं झाळून घेतलेली, खाली स्पिरिटचा दिवा लावला की खरी वाफ धरते. तो बॉयलर ज्याच्यात बसवायचा ते इंजिन पळणार, बाकीची दोन नुसती शोभेची. दुसरा बॉयलर करा म्हटलं तर म्हणतात, तेवढी नजर टिकायची नाही. आणि रूळही एकाच मापाचे ठोकायचे. ब्रॉडगेजला चार बोटं, मीटरला अडीच, कुर्डुवाडीवाल्याला जेमतेम दोन. म्हणजे एकदा ठोकले की ठोकले.

तर कुठलं इंजिन, हे दिवाळीपासनं ठरत नाही. मी म्हटलं, "चांदणीवालं. त्यात काय एवढा विचार? पोरीला स्थळ बघताना एवढा वेळ घेतला न्हवता तुमी."

"पोरीला रूळ ठोकायचे न्हवते," म्हणाले.

२९ जानेवारी

तीन फुल्या. केराबाई भाकऱ्या न्यायला आली होती. ती समोरच्या चाळीतली, महिन्याच्या महिन्याला नेते. रूळ बघून म्हणाली, "महानंदा, तुझा नवरा गाडी कुटं न्हेतोय ग?" मी म्हटलं, "कुटं न्हाई, ट्रंकेवरच हाय."

रूळ ठोकलेले नाहीत, नुसते मांडून बघतात. पण माणसाला अगदीच कळत नाही असं नाही. दाराच्या डाव्या अंगाला हातभर जागा मोकळी सोडलीय. रूळ उजवीकडं दाटीनं, आणि डावीकडं काहीच नाही. माझ्या भाकऱ्यांसाठी सोडली असणार. तोंडानं बोलायचे नाहीत. मी आज तिथं वीस भाकऱ्या उभ्या केल्या. काही बोलले नाहीत.

४ फेब्रुवारी

बिरप्पा आला होता. यांचा जुना फायरमन, आता स्वतः ड्रायव्हर झालाय. येताना केळी आणली. यांना अजून उस्ताद म्हणतो. मी चहा ठेवला आणि म्हटलं, बरं झालं आलास, आता तूच सांग कुठलं इंजिन.

त्यानं तिन्ही उचलून बघितली. "उस्ताद, मीटरगेज करा. गड्यासारखं काम करतंय ते. खायला कमी, वढायला जास्ती."

"तू वढलंस किती दिवस त्याच्यावर?"

"दोन वर्सं."

"मग गप."

मी म्हटलं, "अरे बिरप्पा, चांदणीवालं कर म्हणून सांग की. दिसायला देखणं. तुमी दोघंबी त्याच्यावरच हुता. आल्यागेल्याला दाखवता येतंय. क्लीनरच्या इंजिनाला कोण बघतंय?"

यांनी बशीतला चहा तसाच ठेवला आणि पानाची चंची शोधायला लागले. ती यांच्या डाव्या मांडीजवळच होती. बिरप्पानं उचलून हातात दिली.

जाताना दारात चपला घालताना मला हळूच म्हणाला, "वैनी, त्या मेलच्या इंजिनाचा लई आग्रह करू नका."

"का?"

"उस्तादांना इचारा."

हा असा तुटक निरोप मला आवडत नाही. सांगायचं तर सांग, नाहीतर केळी ठेव आणि जा.

तीन फुल्या.

१२ फेब्रुवारी

आज मी बोलले. म्हटलं, शिवरात्रीच्या आत इंजिन ठरलं नाही तर दार उचलून परसात ठेवीन आणि खोली मला. हे म्हणाले, "सुम्म कूड." म्हणजे कानडीत गप बस. चिडले की कानडीत जातात. मी पण कानडीत उत्तर दिलं, ते लिहीत नाही.

मग दुपारभर चांदणीवाल्याचे पत्रे जोडायला डाग देत बसले. कथलाचा थेंब तीनदा भलतीकडं पडला. एक तर धोतरावर. मी म्हटलं, बाजूला बघून करा. म्हणाले, बाजूला बघूनच करतोय.

तीन फुल्या.

१६ फेब्रुवारी

थेंबाची बाटली चांगली निघाली. डॉक्टर म्हणाले होते महिन्यात संपेल, दुसरी घ्या. आज बघितली तर अर्ध्याच्या वर आहे. मी उगीच आणायला जाणार होते. तीन फुल्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज डॉक्टरकडं गेलो. नीट लिहिते, मला विसरायचं नाही.

आत गेल्यावर डॉक्टरांनी भिंतीवरचा इंग्रजी अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. यांनी वरनं खालपर्यंत धडाधड म्हटला. सगळ्यात खालची मुंगीएवढी ओळसुद्धा. कंपाउंडर म्हणाला, वा काका. डॉक्टर पण खूष, लिहायला लागले.

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "पाठ हाय त्यांना."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. हे माझ्याकडं वळले. तसं त्यांनी माझ्याकडं आजवर बघितलं नव्हतं.

"मीच पाठ करून घेतलाय," मी म्हटलं.

मग सांगितलं. ड्रायव्हरला दर काही वर्षांनी डोळे तपासून घ्यावे लागतात. नापास झाला की गाडीवरनं खाली. कुणीतरी तक्ता कागदावर उतरवून घेतलेला, तो कागद याच्याकडनं त्याच्याकडं फिरायचा. यांनी घरी आणला. मला इंग्रजी येत नाही, पण अक्षराच्या तोंडावळ्यावरनं ओळखायला शिकले. शेगडीपुढं बसून मी ओळ विचारायची, हे म्हणायचे. चुकले की पहिल्यापासनं. दोन वेळा पास झाले. दुसऱ्या वेळेला मी सिद्धेश्वराला नारळ फोडला.

डॉक्टर रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बाई, त्या पहिल्या तपासणीत खरं कळलं असतं तर थेंब तेव्हाच सुरू झाले असते."

मग त्यांनी यांना समोर बघायला सांगितलं आणि आपलं बोट डावीकडनं हळूहळू आणलं. दिसलं की सांगा. बोट नाकासमोर आलं तेव्हा हे म्हणाले, आता. मग डोळ्यात औषध टाकून यंत्रानं दाब बघितला. वाढलाय. डॉक्टर म्हणाले, थेंब टाकताय ना? मी वही दाखवली. एक दिवस चुकला नाही म्हटलं. त्यांनी बाटली मागितली, उजेडात धरली आणि माझ्यापुढं ठेवली.

कंपाउंडर पण बघत होता.

घरी आल्यावर दारावरचे वाळलेल्या भाकऱ्यांचे ढीग उचलून न्हाणीच्या दारात नेले. ती डावीकडची जागा माझ्यासाठी सोडलेली नव्हती.

आणि एक लिहायचं राहिलं. त्या गाडीला मागं डबे असायचे आणि डब्यांत माणसं. मला तेव्हा फक्त पगार दिसत होता. आज लिहायला बसल्यावर हे सुचलं. आधी का सुचलं नाही ते माहीत नाही.

२२ फेब्रुवारी

सकाळी विचारलं, "थेंब का टाकत न्हवता?"

"टाकलं की दोन तास अंधारून येतंय. भुवया दुखतात. डाग कुटं द्यायचा दिसत न्हाई."

"म्हंजे इंजिनापायी?"

"व्हय."

"नजर जाईल म्हणून घाई करायची, अन् घाई करायची म्हणून नजर घालवायची?"

"तसंच म्हण."

"लहान पोराला तरी अक्कल असती."

मग मी म्हटलं, आता मेल गाडीचं काय ते सांगा, बिरप्पा अर्धं सांगून गेलाय. मला वाटलं उठून जातील. नाही गेले. कदाचित मी काल डॉक्टरपुढं बोलले म्हणून असेल.

म्हणाले, इंजिनावर सिग्नल आला की दोघांनीही मोठ्यानं म्हणायचा असतो, ड्रायव्हरनं आणि फायरमननं. बिरप्पा रोज आधी म्हणायचा आणि हे त्याच्यामागनं. एके दिवशी मोहोळच्या अलीकडं बिरप्पाच्या डोळ्यात कोळशाचा कण गेला. तो डोळा चोळत बसला, म्हणायचं राहिलं.

"तवा मला कळलं," म्हणाले, "मला सिग्नल दिसतच न्हवता. वर्षभर मी बिऱ्याला ऐकत हुतो अन् मला वाटत हुतं मी बघतोय."

गाडी उभी केली, भर रानात. बारा मिनिटं.

"सिग्नल कसला हुता?" मी विचारलं.

"रस्ता दिलेला हुता."

"मग काय झालं न्हाई की."

"महानंदा," म्हणाले, "रस्ता दिलेला हुता हे मला गाडी थांबल्यावर बिऱ्यानं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी फोरमनकडं गेले. दीड वर्ष मी यांना नोकरीवर लाथ मारलेला माणूस म्हणत होते. केराबाईपुढं पण म्हणत होते.

दुपारी मी बॉयलर उचलला, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात घातला आणि डब्याला कुलूप लावलं. सांगितलं, थेंब मी टाकणार. तीन वेळा, माझ्या हातानं. आठ दिवस टाकून घ्या, मग बॉयलर.

"मग इंजिन व्हायचं न्हाई," म्हणाले.

"न्हाई तर न्हाई."

तीन फुल्या. या खऱ्या.

२५ फेब्रुवारी

तीन फुल्या. तीन दिवस इंजिनाला हात लावला नाही. जेवतात, बसतात. खोली मला हवी होती तशी शांत आहे आणि मला तिच्यात भाकरी न्यावीशी वाटत नाही. दोनदा कुलूप काढायला उठले होते. नाही काढलं.

पोरीचं मंगळवेढ्याहून पत्र आलं, बाबांचं इंजिन पळालं का म्हणून विचारलंय. अजून उत्तर दिलं नाही.

२७ फेब्रुवारी

तीन फुल्या. दुपारचे थेंब टाकून मी परत तव्याकडं गेले. थोड्या वेळानं डोकावले तर हे जमिनीवर बसून चांदणीवालं मांडीवर घेऊन चाचपत होते. डोळे उघडे, पण त्यांचा उपयोग नसणार, थेंब ताजे होते. बोटं नाकावरच्या चांदणीपर्यंत गेली आणि तिथनं पुढं कुठं जायचं ते सापडेना. परत नाकावर आली. असं चार वेळा. खाली ठेवलं. मीटरगेजवालं घेतलं. भट्टीच्या तोंडापर्यंत बोटं बरोबर गेली, पुढं अडली. तेही ठेवलं.

मग बुटकं घेतलं. बोटं सुरू झाली आणि थांबलीच नाहीत. चाकांच्या आत, दांड्यांच्या मागं, पोटाखाली. अंगठा एका जागी घासायला लागला, फडक्यानं घासतात तसा. तिथं काही नव्हतं पण. पत्र्याचं इंजिन ते, तिथं कसला मळ असणार.

भाकरी करपली म्हणून मी परत गेले.

२८ फेब्रुवारी

सकाळचे थेंब टाकून घेतल्यावर डोळे मिटलेलेच होते तेव्हा म्हणाले, "कुर्डुवाडीचं करायचं."

मी म्हटलं, "मी क्लीनरचं इंजिन म्हणाले म्हणून हट्टानं न्हाई ना?"

"क्लीनर हुतो म्हणूनच. मेलचं इंजिन मी बसून चालवलं, बाई. त्याला खालनं हात लावायला दुसरी माणसं. पण हे मी साडेतीन वर्सं पुसलंय, एकूणएक अवयव, थंडीत, इंजिन ऊनऊन असताना. हे मला बघावं लागत न्हाई."

"अन् ते चांदणीवालं? एवढं केलंत त्याचं."

"ते कपाटावर ठिव. दिसायला देखणंय म्हणालीस न्हवं?"

मला आणखी दोन दिवस वाट बघायला लावायची होती, आठ दिवस म्हणजे आठ दिवस. पण कुलूप काढलं. बॉयलर पिठानं भरला होता. ते बघून एवढे ओरडले की केराबाई गॅलरीत आली. वाफेच्या नळीत पीठ गेलं म्हणे. तारेनं साफ करायला दुपार गेली. ती मी केली, त्यांनी नुसत्या शिव्या दिल्या.

तीन फुल्या.

९ मार्च

तीन फुल्या. रूळ ठोकले. हे दोन बोटं रुळांच्या मधे ठेवतात आणि मी खिळा मारते. पहिल्या दिवशी एक घाव त्यांच्या नखावर मारला. म्हणाले, "बिऱ्या बरा हुता." मी म्हटलं, "मग बिऱ्याशी लगीन करायचं हुतं."

डावीकडच्या मोकळ्या जागेतनंही रूळ नेले. तिकडं मी सांगते, आणखी, आणखी, आता वळवा. त्यांना ते सांगणं आवडत नाही आणि मला कमी बोलता येत नाही.

डाग मात्र तेच देतात. आधी बोटानं जागा बघतात, मग कथील. धोतरावर आता पडत नाही, बोटावर पडतं. फोड आलेत. तूप लावते.

डॉक्टरकडं परवा जाऊन आलो. दाब उतरलाय. गेलेलं गेलं, पण उरलेलं आता टिकेल म्हणाले, थेंब असेच चालले तर. तक्ता त्यांनी दाखवलाच नाही. भिंतीवर नवा लावलाय, आकड्यांचा.

२१ मार्च, रविवार

इंजिन पळालं.

बिरप्पाला बोलावलं होतं. दिवा त्यानं पेटवला. वाफ धरायला इतका वेळ लागला की मी दोन भाकऱ्या थापून आले. मग एकदम फुस्स केलं, चाकं जागच्या जागी फिरली आणि निघालं. सावकाश. माणूस बरोबर चालत जाईल एवढं. बिरप्पा म्हणाला, "उस्ताद, कुर्डुवाडी सुटली!" पहिल्या वळणावर जरा लंगडलं, पण रूळ सोडले नाहीत. सात फेऱ्या झाल्या. हे दारावर कोपरं टेकून कान लावून बसले होते. कुठल्या चाकाला तेल कमी आहे ते सांगितलं. बिरप्पानं बघितलं, खरंच कमी होतं.

पोरीला पत्र टाकलं.

बिरप्पा गेल्यावर इंजिन थंड झालं तसं हे म्हणाले, "हितं बस. डोळे मीट." मी म्हटलं, मला कामं आहेत. म्हणाले, "मीट." माझा हात धरून इंजिनावर ठेवला.

"हे काय?"

"चिमणी."

"अन् हे?"

"डोम."

"डोम कुटला! वाळूचा डबा तो. चाक घसरलं तर रुळावर वाळू सोडायची. डोम, म्हंजे वाफेची घुमटी, त्याच्या मागं. परत सुरवातीपासनं."

मी म्हटलं, मला दिसतंय चांगलं, मी कशाला डोळे मिटू? तर म्हणाले, माझ्या हातात काय आहे ते तुला नको का कळायला.

मी तीन वेळा चुकले. चौथ्यांदा त्यांनी हात सोडून दिला आणि म्हणाले, पिठात हात घालून घालून बोटं बधिर झालीत तुझी. मी उठून आले.

तीन फुल्या.

चिमणी. मागं वाळूचा डबा, चपटा. त्याच्या मागं डोम, गोल. मग शिट्टी, पण ती डाव्या अंगाला. खाली दांडा, दांड्याला तीन चाकं, चौथं सुटं. उद्या परत विचारणार आहेत.